अण्णांच्या तबल्याला नवी पुडी: आधी फसलेलं काम आणि मग मिरजेत झालेलं काम

खूप दिवस लिहायचं राहिलं होतं, आता लेकीची तबल्याची मध्यमाची परीक्षा आटोपली म्हणून निवांत बसलेय. विषय तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलण्याचा. घरात तबला रोज वाजत असेल तर हे काम कधी ना कधी निघतंच, आणि आपण बहुतेक जण काय करतो तर जवळचं वाद्यांचं दुकान गाठतो, तबला देतो, पुडी टाकून ठेवा म्हणतो आणि संध्याकाळी घेऊन येतो. मीही आधी तेच केलं, त्यात आठ महिने गेले आणि पैसेही गेले. मग मिरजेत एका कारागिरांकडे जाऊन खोडावरच, म्हणजे तबल्याच्या लाकडी अंगावरच, नवी पुडी बांधून घेतली. जरा मोठं होईल, पण पुडी बदलायची असेल तर शेवटपर्यंत वाचा.

तबला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. शिसवीचं खोड, तोंड साडेपाच इंची, काळी एक ह्या सुराला लागणारा. अण्णा सांगलीकडे हौशी नाट्यसंगीताच्या बैठकांना साथ करायचे, त्यांच्याकडून तो माझ्याकडे आला आणि आता लेक त्यावर शिकते. मागच्या जूनमध्ये त्याची पुडी गेली. गेली म्हणजे फाटली नाही, पण गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची कातडी वेणी, ओढून ओढून इतका खाली आला होता की आता ताण द्यायला जागाच उरली नव्हती, आणि चाटेवर, म्हणजे कडेच्या कातडी पट्टीवर, जिथे बोट पडतं तिथे कातडं पातळ होऊन पांढरट दिसायला लागलं होतं. ना हा बोल वाजवला की खण्ण व्हायला पाहिजे तिथे नुसता टक.

तेव्हा घाईत शहरातल्या एका दुकानात दिला. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे तयार पुड्या असतात, भिंतीला ओळीने टांगलेल्या, गजऱ्यासकट, मधली काळी शाई घालून एकदम तयार. माप विचारलं, एक काढली, पुडी ताणून धरणाऱ्या जुन्या वाद्या सरळ कापून टाकल्या, नवी घातली, हातोडीने चारी बाजूंनी ठोकून सुरात आणला आणि दीड तासात माझ्या हातात दिला. ९०० रुपये. दुकानात छान वाजला, खोटं कशाला बोलू. घरी आणून तिसऱ्या दिवशी अर्धा सूर उतरला. परत चढवला, परत उतरला. फोन केला तर म्हणाले पावसाळा आहे ताई, हवा ओली आहे, चालायचंच. कातडं ओलावा ओढतं आणि सैल पडतं हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले. पण दिवाळी झाली, थंडी पडली, हवा कोरडी झाली तरी तेच. त्यात गजऱ्यावर सूर जुळवायच्या ज्या सोळा जागा, म्हणजे घरं, असतात त्यांतली तीन-चार घरं काही केल्या बाकीच्यांशी जुळेनात, एकीकडे ठोकलं की समोरचं बिघडायचं. मुलगी बिचारी रियाझाला बसली की पहिली वीस मिनिटं हातोडी घेऊनच. आणि जानेवारीत शाईचा एक खवला सुटला आणि तिं वाजवला की झर्र असा आवाज यायला लागला. क्लासच्या सरांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले हा तबला परीक्षेला आणू नका.

मिरजेच्या ह्या कारागिरांचं, म्हणजे चाचांचं, नाव सरांनीच सांगितलं. मिरज म्हटलं की सगळ्यांना सतार आणि तंबोराच आठवतो, त्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं, पण त्याच गावात कातड्याचं काम करणारे हातही आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ह्याचं मला वाईट वाटतं. सतार बिघडली की लोक कारागीर शोधत येतात, तबला बिघडला की दुकान शोधतात. चाचा एकटेच काम करतात, मदतीला मुलगा असतो अधूनमधून. नाव-नंबर इथे टाकू नका असं त्यांनीच सांगितलं, आहे तेवढंच काम वेळेत होत नाही म्हणाले. मिरजेत तबला वाजवणाऱ्या कुणालाही विचारलंत तरी पत्ता मिळेल.

गेले त्या दिवशी त्यांनी तबला वाजवूनच बघितला नाही. आधी गजऱ्यावरून अंगठा फिरवला, मग मला म्हणाले, "ताई, ही पुडी ह्या खोडाची नव्हंच. मोठ्या मापाची हाय, खाली ओढून ओढून बसवलीया." नवीन पुडी असून गजरा पहिल्याच दिवसापासून इतका खाली का होता ते तेव्हा कळलं, मी आठ महिने रोज बघत होते पण लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी पुडी उतरवली आणि नुसतं खोड फरशीवर उलटं, तोंड खाली करून ठेवलं. ते डुगडुगलं. एका बाजूने पोस्टकार्ड सहज आत गेलं. म्हणजे काठच सपाट नव्हता, वर्षानुवर्षं हातोडीचे घाव चुकून लाकडावर बसून एका जागी काठ दबला होता. अशा काठावर जगातली कुठलीही पुडी घातली असती तरी ती तीन-चार घरं जुळली नसती. दुकानात हे कुणी बघितलंच नव्हतं, आणि बघायला लागतं किती, तर दोन मिनिटं.

पुढचं काम मी तीन खेपा घालून बघितलं, पहिल्या दिवशी तर अख्खा दिवस तिथेच होते. आधी काठ घासून सपाट केला, पोस्टकार्ड कुठूनच आत जाईना तोपर्यंत, आणि मग आतली धार पॉलिशपेपरने थोडीशी मोडली, कातडं त्यावर कापलं जाऊ नये म्हणून. मग कातडं. बकरीचंच असतं पुडीला. चाचांनी चार-पाच तुकडे उजेडाकडे धरून बघितले, मलाही दाखवले, एकात मधोमध गडद पट्टा होता, तो पाठीच्या कण्याकडचा भाग, तिथे कातडं जाड असतं. तो बाजूला टाकला. ज्यातून उजेड सगळीकडून सारखा येत होता तो घेतला. हे बघताना वाटलं की तयार पुडीत आपण हे कधी बघूच शकत नाही, शाई आणि चाट लागल्यावर खालचं कातडं कसं आहे ते झाकलं जातं.

ओल्या कातड्याचा वास उग्र असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी थांबायच्या भानगडीत पडू नये. भिजवलेलं मूळ कातडं खोडावर, त्याच्या वर दुसरं कातडं, दोन्हींच्या कडेला बारीक चिरा आणि त्या चिरांमधून कातड्याच्या पट्टीने गजरा विणत जायचं. वरच्या कातड्याचा मधला भाग नंतर गोल कापून काढतात, उरते ती चाट, आणि चाट आणि शाईच्या मधे जो मोकळा भाग दिसतो ती लव, कुणी मैदान म्हणतात. गजरा विणणं तुम्ही बघाच. वेणी घालतात तसंच आहे पण प्रत्येक पेड ओढताना चाचा पायाच्या अंगठ्याने खोड अडवतात, आणि सगळीकडे ओढ सारखी आहे की नाही ते ओलं असतानाच बोटाने दाबून बघत जातात. एक जागा त्यांना पटली नाही तर तेवढ्यासाठी तळहाताएवढी विणलेली वेणी उसवली, काहीही न बोलता.

मग वाद्या. ह्या म्हशीच्या कातड्याच्या, जाड. ओल्या करून गजऱ्याच्या सोळा घरांतून आणि बुडाच्या कडीतून वरखाली ओवत न्यायच्या, आणि ओढायच्या त्या एकदम नाही. एक फेरा हलका, दुसरा जरा जास्त, मग सावलीत ठेवून द्यायचं. उन्हात अजिबात नाही. मी विचारलं पंख्याखाली ठेवला तर लवकर वाळेल का, तर म्हणाले, "लवकर वाळतंय की, पण एकीकडूनच वाळतंय." दुसऱ्या दिवशी परत ओढ, तिसऱ्या दिवशी परत, आणि मगच वाद्यांखाली आठ लाकडी गठ्ठे घातले. तयार पुडीवाल्या दुकानात हे सगळे दिवस दीड तासात कोंबले होते, म्हणून कातडं घरी येऊन सैल होत राहिलं. ताणलेलं कातडं सैलावणारच आहे, ते कारागिराकडे सैलावू द्यायचं की आपल्याकडे, एवढाच प्रश्न आहे.

शाईचा दिवस मी मुद्दाम सुट्टी काढून गाठला, लेकीलाही घेऊन गेले. लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ मळून केलेला काळा गोळा, त्यातला बोटाच्या टोकावर मावेल एवढा घ्यायचा, गोल पसरायचा, थोडा सुकला की गुळगुळीत दगडाने घासायचं. घासायचं म्हणजे वरवर नाही, चांगलं दाबून, कर्र कर्र आवाज येतो. लेकीने विचारलं की एवढं घासून शाई तडकणार नाही का. तडकावी म्हणूनच घासतात! शाईला केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं पडलं पाहिजे, तरच ती कातड्याबरोबर हलते. एकसंध जाड थर दिला तर तो कातड्याला जखडतो, आणि एक दिवस खवला होऊन उडतो, आमच्या पहिल्या पुडीचं तेच झालं होतं. एक थर, घासणं, दुसरा थर जरा लहान गोलाचा, परत घासणं, असं करत शाई मधे जाड आणि कडेला पातळ होत जाते. किती थर झाले ते मी मोजत होते, पंचवीसनंतर नाद सोडला. दर तीन-चार थरांनी चाचा एक टिचकी मारून ऐकायचे.

आणि ते ऐकणं खरंच बघण्यासारखं होतं कारण आम्हालाही फरक ऐकू येत होता. शाई नसताना वाजवलं तर डब्बा वाजल्यासारखं, पाच-सहा थरांनंतर त्यात कुठेतरी सूर आहे असं वाटायला लागलं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला एकदम आस आली, टिचकी मारली की आवाज खोलीत राहायला लागला. लेक म्हणाली आई, आला! ह्याचं कारण शाळेत फिजिक्स शिकलेल्यांना माहीत असेल. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांच्या सरळ पटीत नसतात, म्हणून हलगीला किंवा ढोलाला आपण काळी एक, काळी दोन असा सूर लावत नाही. मधे शाईचं वजन बसलं की ते उपस्वर जवळजवळ एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटीत येतात, तारेच्या वाद्यासारखे. सी. व्ही. रामन यांनी ह्याच विषयावर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर लिहिलंय. चाचा तेच काम दगडाने आणि कानाने करतात, ते बघताना माझ्या अंगावर काटा आला.

मधेच कणकवलीकडचे एक गृहस्थ घुमट घेऊन आले होते, गणपतीच्या आरत्यांना वाजवतात ते मातीचं. त्याचं कातडं फुटलं होतं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला पूर्ण संरक्षण आहे, तसं कातडं बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. आता बकरीचंच लावतात, गोव्याने तर २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तोही बकरीच्या कातड्याच्या घुमटांमुळे शक्य झाला. त्या गृहस्थांनी आवाज तसाच येईल का म्हणून दोनदा विचारलं आणि चाचांनी थोडा वेगळा येईल पण चांगला येईल असं सरळ सांगितलं. हे मला आवडलं. तसाच येईल म्हणून गिऱ्हाईक खूश केलं नाही.

डग्ग्याचंही तसंच. मी म्हटलं आता आणलाच आहे तर डग्ग्याचीही पुडी बदलून टाका. त्यांनी डग्गा मांडीवर घेतला, घिस्सा मारून बघितला आणि परत दिला. ह्याची पुडी अजून दोन वर्षं जाईल म्हणाले, फक्त एका बाजूची दोरी आवळली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दुकानदाराने हे केलं असतं असं मला वाटत नाही.

खर्च सांगते. पुडी आणि मजुरी १८०० रुपये, वाद्या नवीन लागल्या त्याचे ५०० वेगळे. एकूण २३०० रोख, ऑनलाइन घेत नाहीत, बिलही मिळत नाही. वाद्यांचे पैसे वेगळे लागतील हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, ते सांगायला हवं होतं, मी जवळच्या एटीएमवर जाऊन आले. दुसरी तक्रार फोनची. फोन उचलतच नाहीत, ओल्या हातांनी काम चालू असतं हे समजतं, पण बाहेरगावाहून येणाऱ्याने काय करायचं? एकदा मी पोचले तर शाईच वाळली नव्हती, उद्या या म्हणाले. दहा दिवस सांगितले होते, पंधरा लागले. परीक्षेची तारीख डोक्यावर असताना हे फार जड जातं, आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

तरीही परत जायचं झालं तर मी तिथेच जाईन, आणि कारण आवाज. तबला घरी आणल्यावर पहिले चार दिवस सूर थोडा उतरला, चाचांनी ते आधीच सांगितलं होतं आणि आठवड्याने परत आणा म्हणाले होते. त्या खेपेला वाद्या पुन्हा ओढून दिल्या, पैसे नाहीत. त्यानंतर तो जो काळी एकला बसलाय तो तीन-तीन दिवस हलत नाही, फक्त गजऱ्यावर वरून एखादी हलकी थाप लागते. सोळा घरं एकमेकांशी बोलतात. ना स्वच्छ, तिं मोकळा, आणि धिरधिर वाजवताना शाईवर तळहात घसरत नाही की अडकत नाही. लेकीने परीक्षेला तोच नेला. अण्णांना मी फोनवर ऐकवला, त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावून परत वाजवायला सांगितला आणि मग विचारलं, काठ घासून घेतलास का गं? म्हणजे काठ दबलाय हे त्यांना ठाऊक होतं.

तयार पुडी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. शिकाऊ मुलाचा तबला आहे, खोड साधं आहे, शाळेच्या गॅदरिंगला चार दिवसांत हवाय, तर घ्या, पण माप नीट बघा. पुडी खोडावर ठेवल्यावर गजरा काठाच्या लगेच खाली यायला हवा, पहिल्याच दिवशी बोटभर खाली गेला तर ती मोठ्या मापाची आहे, परत करा. आणि पुडी काढल्यावर खोड उलटं ठेवून काठ सपाट आहे का ते तिथेच बघायला लावा, लाजू नका. प्लॅस्टिकचं पान ढोलाला लावतात तसं तबल्याला का नाही असंही एकाने विचारलं होतं. ढोलपथकांना पावसात मिरवणुकीत वाजवायचं असतं, तिथे प्लॅस्टिकचं पान उपयोगाचं आहे, पण तबल्यातली मींड, चाट आणि लव यांच्या आवाजातला फरक, हे सगळं कातडं आणि शाईमुळे आहे, माझ्या कानाला तरी दुसरं काही चालत नाही.

नवी पुडी घरी आल्यावर पहिला आठवडा जोरात रियाझ नको, हळू हाताने कायदे, म्हणजे शिकलेल्या रचना, वाजवा. हाताला घाम येत असेल तर थोडी पावडर लावा, तेलकट हात अजिबात नाही. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे, लाकडावर एक घाव बसला की आमच्यासारखा काठ दबतो. गाडीत उन्हात ठेवून जाऊ नका. पावसाळ्यात सूर उतरला म्हणून गॅसवर धरणारे लोक मी पाहिलेत, हलगी शेकतात तशी पुडी शेकायची नसते, शाई सुटते.

मिरजेला जाणार असाल तर गणपतीसाठी आषाढ लागायच्या आधीच तबला देऊन ठेवा, ऐन आषाढ-श्रावणात नको, हवेत ओल असते तेव्हा थर नीट वाळत नाहीत, चाचा स्वतःच परत पाठवतात. जाताना जुनी पुडी काढून फेकू नका, खोडासोबत तशीच न्या. ती कुठे झिजलीय ते बघून वाजवणाऱ्याचं बोट कुठे पडतं ते त्यांना कळतं आणि त्यावरून ते चाटेची रुंदी ठरवतात.